एकतिसाव्या दाराचा शेरा

चाकाय शाखा पाणी वापर संस्था, लावाये
१२ जून २०२३

श्रीमती सुलेमा ग्वाकिंचाय यांस,

मायन्यात ‘ताई’ लिहिलेलं नाही, कारण हे पत्र तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा लिहीत नसून संस्थेचा सध्याचा चिटणीस लिहितो आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही. संस्थेच्या पत्त्यावरून मेल पाठवली की न वाचता परत येते. म्हणून कागद. उस्पायाताची बस शुक्रवारी निघते, ड्रायव्हर पाकीट तुमच्या हातात देईल.

मुद्दा असा आहे. मे महिन्यात सर्व्हरची डिस्क भरली. ते मशीन तुम्ही बसवलेलं, म्हणजे जुनं असणारच. मी सगळं अपडेट करायला घेतलं. ट्रक चालवून पाठ गेली, त्यानंतर मी हे काम रीतसर शिकलो आहे, हे तुम्हाला पटत नसलं तरी खरं आहे. बाकी सगळं सुरळीत झालं. एका ठिकाणी अडलं, ते म्हणजे फाइली दाबून लहान करणारं पॅकेज. तुम्ही त्यावर अडसर लावून ठेवला होता, काही झालं तरी ते हलू नये असा. मी अडसर काढला, ते मुळासकट उचकटलं आणि सगळं जग वापरतं ते नवं पॅकेज बसवलं.

आता २००६ पासून २०१६ पर्यंतच्या दहा हंगामांच्या पाळीपावत्या उघडत नाहीत. एकसुद्धा नाही. दरवेळी एकच उत्तर येतं, ‘कोश जुळत नाही’. कसला कोश? पाच वर्षांपूर्वी सभेने हात वर करून तुम्हाला घरी पाठवलं, तेव्हा जाता जाता तुम्ही कुलूप घालून गेलात, असं इथे सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

हा खेळ नाही. चारीच्या वरच्या अंगाला ती भिंतीआडची वसाहत झाली आहे, तिला तळ्यासाठी पाणी हवं आहे. त्यांनी जलखात्याकडे अर्ज केला आहे की आमच्या शेपटाकडच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या, चौदा दारांनी त्या दहा वर्षांत पाळ्या घेतल्याच नाहीत. कायदा तुम्हाला पाठ आहे. सलग पाच वर्षं पाणी घेतलं नाही की हक्क गेला. सुनावणी २५ ऑगस्टला आहे. पाटकरी निकानोरच्या हातच्या कागदी पावत्यांचे खोके २०१७ च्या पुरात चिखल झाले. राहिलं ते फक्त सर्व्हरवर. ते उघडलं नाही तर चौदा घरांचं पाणी जाईल, आणि त्यात तुमच्या बहिणीचं, ओलिंदाचं, २७ नंबरचं दारही आहे.

त्या वर्षांत शेपटाच्या निम्म्या बागा वाळल्या, माझी टिकली, कारण मला वेल कळतात. ती आता कागदाअभावी जावी, हे मी होऊ देणार नाही.

पासवर्ड पाठवा. परतीच्या बसने.

दारियो पेलायताय
चिटणीस


उस्पायाता
१९ जून

दारियो,

पत्र मिळालं. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, पाकीट गरम आहे, जपून उघडा.” तुझा फोन उचलत नाही कारण फोनवर तू ओरडतोस. कागदावर ओरडायला शाई लागते, म्हणून तू जरा बेताने ओरडतोस. तेव्हा इथून पुढेही कागदच.

पासवर्ड नाही. कधीच नव्हता. रीतसर शिकलास म्हणतोस, तर जरा ऐक.

निकानोर पाटकरी चाळीस वर्षं प्रत्येक पावती एकाच साच्यात लिहायचा. तारीख, दार, मालक, पाणी केव्हा उघडलं, केव्हा बंद केलं, किती वेळ चाललं, आणि तळाला शेरा. कोणी आपली पाळी शेजाऱ्याला उसनी दिली तर ते शेऱ्यात यायचं. निकानोरचा शेरा असला की जलखातं उसनं पाणीही वापरलेलं धरतं. तू शेरा कधी वाचला नसशील, वार्षिक अहवालात तो रकाना छापत नाहीत. अशा अकरा हजारांवर पावत्या, एकेक चिमूटभर, आणि प्रत्येकीत तीच ती वाक्यं. एवढ्या लहान फाइली एकेकट्या दाबल्या तर फारशा आवळत नाहीत. म्हणून २०१६ साली डिस्क पहिल्यांदा भरली तेव्हा मी पहिल्या हंगामाच्या अकराशे चाळीस पावत्या त्या पॅकेजला वाचायला दिल्या. त्यांतून त्याने नेहमी येणाऱ्या मजकुराचा एक कोश बांधला. मग प्रत्येक पावतीत तिचं स्वतःचं वेगळं तेवढंच ठेवलं, बाकीच्या जागी ‘कोशात बघ’ एवढी खूण. खोलीभर सामान एका पेटीत बसलं.

तो कोश मी पॅकेजच्या पोटात घातला, कोणी चुकून सुटा पुसू नये म्हणून, आणि त्या पॅकेजवर अडसर लावला. त्याच्या वर्णनाची पहिलीच ओळ आहे: ‘हे काढू नका, आत पावत्यांचा कोश आहे.’ वाचली नाहीस. दुसरी सूचना सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवली होती, मोठ्या अक्षरात. तीही नाही. मुळासकट काढलंस म्हणजे पोटासकट काढलंस. मशीनने शेवटी विचारलं असेल, नक्की काढायचं का. तू हो म्हणालास. तुझा हात वर जायला कधीच वेळ लागत नाही, हे मी भर सभेत पाहिलं आहे.

घाबरू नकोस. माते चहाच्या येर्बा पाल्याचे डबे ठेवता, त्या मागच्या कप्प्यात निळी डिस्क आहे. सगळ्याची प्रत तिच्यावर आहे, कोशाचीही. मी निघाले त्या दिवशी शेवटची घेतली. माझ्यावर थुंकणाऱ्या लोकांसाठीसुद्धा मी प्रत घेऊन ठेवली. मी तुझ्यासारखी नाही.

ओलिंदाने पाठवलेली मेंब्रियोच्या मुरंब्याची बरणी पोचली. साखर जास्त झाली आहे, सांग तिला. तुला सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

सुलेमा


लावाये
२७ जून

श्रीमती ग्वाकिंचाय,

आधी माझी चूक. कपाटावरची तुमची सूचना सापडली. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर आमच्या मंडळींनी त्रूकोच्या पत्त्यांच्या डावाचे गुण मांडले होते. मीच ती सोलून दिली होती. जिंकलो होतो, एवढंच समाधान.

आता तुमची. निळी डिस्क मिळाली, डब्यांमागेच होती. सगळ्या पावत्या जागच्या जागी आहेत. कोशाची प्रतही आहे. फक्त ती उघडत नाही. का, ते शोधायला मला दोन दिवस लागले, आणि सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून अंगणात जाऊन हसून आलो.

तुम्ही प्रत घेणारा जो आदेश लिहिला होता, तो त्या फोल्डरातलं जे दिसेल ते दाबतो. पावत्या दाबल्या. अहवाल दाबले. आणि कोशही दाबला, त्याच कोशाने. म्हणजे कोश उघडायला कोश लागतो. पेटीची किल्ली पेटीत टाकून तुम्ही झाकण लावलंत, आणि वर मला लिहिता की मी तुझ्यासारखी नाही. हे वाक्य मी मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचलं. मंडळातला पोर्फिरिओ तर म्हणाला, “बाई हुशार, पण किल्ली आत ठेवून घराबाहेर राहिली.”

सर्व्हरवरची पुसलेली जागा चाळून पाहिली. तिथे नवं पॅकेज आणि त्याची सगळी बिऱ्हाडं बसली आहेत. कोश गेला.

आता ३१ नंबरच्या दाराबद्दल बोलू, कारण वसाहतीच्या वकिलाने बोट तिथेच ठेवलं आहे. ३१ तुमचं. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा ओलिंदाला २७ दिलं आणि तुम्हाला जास्त तासांचं ३१. २००८ च्या गारपिटीनंतर तुम्ही तिथले वेल उपटले. ती जमीन आजतागायत फुफाटा आहे, सगळा गाव रोज बघतो. तरी अहवालात आठ वर्षं, दर आठवड्याला, ‘३१, पाळी घेतली’. चिटणीस बाईने स्वतःचा हक्क जगवायला स्वतःच्या नावाने खोट्या पावत्या चढवल्या, म्हणून सभेने तुम्हाला काढलं. तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. बोलण्यासारखं काय होतं?

माझा संशय सांगून टाकतो. कोश असा हरवणं तुम्हाला सोयीचंच आहे. पावत्या उघडल्या तर त्या खोट्या पावत्याही उघडतील.

मंडळाचा विचार आहे की सुनावणीत ३१ सोडून द्यावं. वसाहतीला तेवढे तास मिळाले तर बाकी तेरांवर ती कदाचित गप्प बसेल. तुम्हाला कळवणं नियमात आहे, म्हणून कळवलं.

दा. पेलायताय


उस्पायाता
१५ जुलै

दारियो,

बर्फाने घाट बंद होता, बस आठवडाभर आली नाही. बाकीचा आठवडा माझा. मी तुझं पत्र घेऊन बसले आणि तो आदेश कागदावर पुन्हा लिहून पाहिला. तू म्हणतोस ते खरं आहे. किल्ली पेटीत राहिली. तीस वर्षं मशिनी सांभाळल्या आणि हे मी केलं. वाच हेही मंडळासमोर. पोर्फिरिओला सांग, त्याची गाय गाभण आहे की नुसती फुगली आहे हे त्याला सात महिने कळलं नव्हतं, तेव्हा मी हसले नव्हते.

कोश पुन्हा बांधता येतो का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. येतो. तंतोतंत त्याच अकराशे चाळीस पावत्या हव्यात, न दाबलेल्या. त्याच क्रमाने द्यायला हव्यात. आणि पॅकेजची तीच जुनी आवृत्ती हवी, नवी आवृत्ती तोच मजकूर वाचून वेगळा कोश बांधते. जुनी आवृत्ती मिळेल, जिथून ती सगळे घेतात तिथे मागच्या ठेवलेल्या असतात. पण पावत्या नाहीत. दाबल्यानंतर मूळ मी पुसल्या. कुठेही नाहीत. तेव्हा तो नाद सोड.

त्याऐवजी घरोघर जा. शेपटाकडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात दारामागे तार असते, तिला पावत्या टोचलेल्या असतात. गोळा कर. दहा वर्षांच्या पुऱ्या नाही मिळणार, पण चार वर्षांआड एक मिळाली तरी सलग पाच वर्षं कोरडी दाखवता येणार नाहीत. हे तुला जून महिन्यात सुचायला हवं होतं, पण तेव्हा तू मला शिव्या द्यायच्या कामात होतास.

आणि ३१ सोडायचं तर सोडा. मी सुनावणीला येणार नाही, हरकतही घेणार नाही. तसं लेखी हवं असेल तर हेच लेखी समज.

या सगळ्यात ओलिंदाला ओढू नकोस. तिला यातलं काही आठवत नाही.

सुलेमा


लावाये
९ ऑगस्ट

सुलेमाताई,

तुम्ही खोटं बोलता तेव्हा शेवटच्या ओळीत बोलता, हे मला आता कळलं.

तारांवरच्या पावत्या गोळा केल्या. घरोघर फिरून दोनशे सव्वीस. अर्ध्या तेलकट, काहींवर उंदीर. तीन घरांना तार ठेवायचीच सवय नाही. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. ‘ओलिंदाला काही आठवत नाही.’ मी कुठे म्हणालो होतो की तिला विचारणार आहे?

जेवताना विचारलं. पहिल्या हंगामाच्या पावत्या मशीनवर कोणी चढवल्या? ओलिंदा पाव कापत होती, कापतच राहिली. मग उठून आतून पिठाचा डबा आणला. डब्याच्या तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक सीडी. म्हणाली, “मीच चढवल्या. तू तेव्हा मालार्ग्वेला भाडी मारत होतास. ताईने नेल्या त्याची ही माझी प्रत.” मी म्हटलं, “मग दोन महिने काय बघत होतीस?” ती म्हणाली, “आधी उघड. मग ओरड.”

अकराशे चाळीस पावत्या, न दाबलेल्या, एकही कमी नाही. जुनी आवृत्ती उतरवून घेतली. कोश बांधला. जुळला नाही. दारांच्या नंबराप्रमाणे लावल्या, जुळला नाही. मालकांच्या नावाप्रमाणे, तारखेप्रमाणे, नाही. तुमच्या क्रमाचा पत्ता लागेना. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही ‘आठवत नाही’ लिहिलं असतं.

मग वाटलं, या बाईला चारी शिकवली कोणी? निकानोरने. निकानोरला नंबर कुठे येत होते. नंबर कचेरीतले, ज्याची नोंद आधी त्याचा आधी. निकानोर पाणी चालतं तसा चालायचा. नवा पाटकरी मोटरसायकलवरून रस्त्याने जातो, त्याला विचारून उपयोग नव्हता. सध्या सफाईसाठी पाणी बंद आहे, चारी कोरडी आहे. मी सोमवारी वही घेऊन तोंडापाशी चारीत उतरलो आणि तळातून चालत निघालो, जे दार आधी लागेल ते आधी लिहीत. पाठीला पट्टा बांधून. गाळ काढणारे हसत होते. एक म्हणाला, “चिटणीस, पाणी यायला अजून चार आठवडे आहेत, एवढ्यात कुठे वाहून चाललात?”

१८ नंतर २३ लागतं, मग १९. हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. पुढे चारी कब्रस्तानाला वळसा घालते आणि परत मागे येते. म्हणून कागदावर २७ आणि ३१ लांब असली तरी तिथे ती पाठीला पाठ लावून आहेत, मध्ये फक्त वेताचं रान. ३१ पाशी मी थांबलो. दाराच्या आतल्या बाजूने, रानाखालून, दगडांनी बांधलेला हातभर रुंद पाट निघतो. तुमच्या जमिनीकडे नाही, माझ्या. त्याच्या तोंडाशी एक फळी अडकवलेली होती, कुजलेली. माझ्या प्लमच्या पेटीची फळी. तिच्यावर मी स्वतः कोरलेली अक्षरं, दा.पे.

मी तिथेच बसलो. मग घरी आलो, पावत्या पाण्याच्या वाटेने लावल्या आणि कोश बांधला.

जुळला. अकरा हजार चारशे पावत्या उघडल्या. मी २००८ उघडलं, ३१ उघडलं. ‘मंगळवार. पाणी उघडलं १:१०, बंद ३:४०. शेरा: ३१ ची पाळी २७ ला उसनी. घेणार ओ. ग्वा.’ पुढचा मंगळवार. त्याचा पुढचा. आठ हंगाम, दोनशे चाळीस शेरे, एकही चुकलेला नाही. मी त्या वर्षांत चिलीच्या मालाच्या ट्रकवर होतो, रविवारचा घरी यायचो, बाग हिरवी बघायचो आणि जेवायला बसलेल्यांना सांगायचो की मला वेल कळतात. ओलिंदा वाढत असायची.

सासऱ्यांच्या दफनाच्या दिवशी, वाटणीच्या रागात, मी सगळ्यांदेखत काय म्हणालो होतो ते तुम्ही विसरला नसाल. ‘त्या बाईचं पाणी माझ्या वेलाला लागलं तर वेल उपटून टाकीन.’ आता काय उपटू? अख्खी बाग?

माफी मागायला हे लिहीत नाही. मला राग आला आहे. आठ वर्षं तुम्ही दोघींनी मला गाढव केलंत, आणि नंतर पाच वर्षं तुम्ही गप्प बसून मला त्याहून वाईट काहीतरी केलंत. सभेत मी तुमच्यासमोर पहिल्या रांगेत हात वर केला. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघत होतात. तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर? निकानोर वारला होता, पण कोश तर तेव्हा पॅकेजच्या पोटात होता. मशीन उघडून शेरा दाखवायला दोन मिनिटं लागली असती.

३१ मंडळाने सोडायचं ठरवलं होतं. मी काल तो ठराव अडवला. का, ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दारियो

(याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

ताई, तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस बागेत जाऊन नुसता उभा राहतो. सीडी मी आधीच द्यायला हवी होती, पण तू वचन घेतलं होतंस की मी दिलं होतं, तेही मला आता आठवत नाही. मुरंब्यात साखर जास्त नव्हती. ओ.


उस्पायाता
१६ ऑगस्ट

दारियो,

एक वाक्य का बोलले नाही, ते ऐक आणि पुन्हा विचारू नकोस. सभेला एकशे दहा माणसं होती. ते वाक्य बोलले असते तर मी सुटले असते, आणि त्याच संध्याकाळी तू बागेत कुऱ्हाड घेऊन शिरला असतास. तुझा शब्द तुला वेलांपेक्षा मोठा आहे, हे ओलिंदा जाणून होती. तिने मागच्या रांगेतून माझ्याकडे बघून मान हलवली. नको, अशी. मी तिचं ऐकलं. तुझ्यासाठी काही केलं असा गैरसमज नको. ते पाणी मी माझ्या बहिणीला दिलं. तू वाटेत होतास, एवढंच.

तुझा राग तुझ्यापाशी ठेव. माझा माझ्यापाशी आहे आणि तो जुना आहे.

कामाचं बोलते. एक, कोशाची प्रत ताबडतोब न दाबता तीन ठिकाणी ठेव, आणि त्यांतलं एक ठिकाण ओलिंदाचा पिठाचा डबा असू दे. आतापर्यंत तीच एक जागा भरवशाची निघाली. दोन, त्या पॅकेजवर पुन्हा अडसर लाव. जुनी आवृत्ती आणि तुझी नवी शेजारी शेजारी राहू शकतात, एकीला हाकलायची गरज नव्हतीच. तीन, पावत्या सुनावणीसाठी छापशील तेव्हा शेऱ्याचा रकाना ठेवायचा की नाही, हे तू ठरव. तो काढलास तर ३१ च्या पावत्या खोट्या दिसतात आणि वकील म्हणेल की बाकीच्याही तशाच. ठेवलास तर एकशे दहा माणसांना कळेल की तुझी बाग कोणाच्या पाण्यावर टिकली. यात मी मत देणार नाही. माझं मत देण्याचा हक्क तुम्ही काढून घेतला आहे.

क्रम निकानोरच्या चालीचा होता, हे तुला चालून कळलं. बरं झालं. सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसतास.

सुलेमा


लावाये
२८ ऑगस्ट

ताई,

सुनावणी झाली. चौदाही दारं राहिली.

शेरा ठेवला. वकिलाने ३१ ची जमीन कोरडी असल्याचे फोटो दाखवले. मी उठलो आणि म्हणालो, बरोबर आहे, ती जमीन कोरडी आहे, पाणी माझ्या जमिनीत होतं. मग दोनशे चाळीस शेरे वाचायला घेतले. चाळिसाव्याला अधिकारी म्हणाला, “पेलायताय, समजलं.” मी म्हटलं, “साहेब, मला समजायला पंधरा वर्षं लागली, तुम्ही थोडं थांबा.” त्याने सगळे वाचू दिले.

काल रविवारी सभा झाली. मी म्हणालो, २०१८ साली सुलेमा ग्वाकिंचाय यांच्याविरुद्ध ज्यांनी हात वर केला होता, त्यांनी आज पुन्हा करा. कोणी करेना. मग मी माझा केला आणि तसाच वर ठेवला. पाठ दुखायला लागली तरी ठेवला. हळूहळू बाकीचे आले. पोर्फिरिओचा सगळ्यांत शेवटी. त्या हातांसमोर मी शेरा वाचला, एकच, पहिला. मग ठराव मांडला की ते काढणं चुकीचं होतं. नव्याने हात वर करायची गरज पडली नाही, सगळे वरच होते.

तुम्ही परत यावं असं कोणी म्हणालं नाही. मीही म्हणत नाही. तुम्ही आलात तर दोन दिवसांत भांडण होईल आणि सर्व्हर पुन्हा तुमच्या नावाने ओळखला जाईल. पण कपाटाला आतून नवी सूचना लावली आहे. तुमचंच वाक्य, मोठ्या अक्षरात. खाली नाव तुमचं. मागची बाजू मी रेघा मारून खराब केली आहे, त्रूकोचे गुण मांडता येणार नाहीत.

कोश तीन ठिकाणी आहे. डब्यातही.

वेल उपटले नाहीत. म्हटल्याप्रमाणे उपटायला हवे होते, तेवढा मी माझ्या शब्दाला कमी पडलो.

पाणी मंगळवारी, ५ सप्टेंबरला सुटतं. ३१ ची पहिली पाळी दुपारी १:१० ते ३:४०. रानातला पाट मी साफ केला आहे, नवी फळी बसवली आहे. पण या वेळी कोणाला न विचारता घेणार नाही. म्हणून विचारतो. ते पाणी २७ ला उसनं मिळेल का?

दारियो


उस्पायाता
१ सप्टेंबर

दारियो,

घे. शेऱ्यात या वेळी तुझं नाव लिही.

सुलेमा